सारखे आणि तेच

जावा भाषेत अ या व्हेरिएबलमध्ये "पुणे" हा शब्द ठेवला, ब मध्येही "पुणे" ठेवला आणि अ == ब आहे का असे विचारले, तर उत्तर 'हो' येते. मग न्यू हा शब्द वापरून क मध्ये याच मजकुराची नवी स्ट्रिंग तयार केली आणि अ == क आहे का असे विचारले, तर उत्तर 'नाही'. अक्षरे तीच, क्रम तोच, लांबी तीच. वापरणाऱ्याने कीबोर्डवरून "पुणे" टाइप केले आणि ते ड मध्ये आले, तर अ == ड चे उत्तरही 'नाही'. पण क वर इंटर्न ही मेथड चालवून जे हाती येते ते अ शी ताडून पाहिले, की पुन्हा 'हो'. (व्हेरिएबलांना अ, ब, क अशी नावे देणे ही इथली सोय नव्हे, जावा ती खरोखरच चालवून घेते.) जावा शिकणाऱ्या बहुतेकांची या कोड्याशी लवकरच गाठ पडते आणि पाठ्यपुस्तके त्याचा निकाल एका ओळीत लावतात: स्ट्रिंगची तुलना == ने करू नये, इक्वल्सने करावी. सल्ला बरोबर आहे, पण तो पाठ होतो आणि त्याचे कारण मागे राहते. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर == नेहमी अचूकच देते. प्रोग्रामर मात्र बऱ्याचदा तिथे भलताच प्रश्न विचारतो, आणि इंटर्निंग नावाच्या, पुढे येणाऱ्या सोयीमुळे त्या भलत्या प्रश्नाचेही उत्तर हवे तसे निघते. नेहमी चुकणारा कोड पहिल्याच दिवशी पकडला जातो. बहुतेक वेळा बरोबर येणारा कोड वर्षानुवर्षे टिकतो आणि नको त्या वेळी दगा देतो. या प्रकरणाचा सगळा युक्तिवाद एवढ्यावर उभा आहे.

उत्तरे वेगवेगळी का येतात हे कळण्यासाठी व्हेरिएबलमध्ये नेमके काय असते ते पाहावे लागते. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत जेम्स गॉसलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेली जावा १९९५ साली जाहीर झाली. सी आणि सी++ लिहिणाऱ्यांना ती परकी वाटू नये म्हणून तिचा पेहराव बराचसा सीसारखा ठेवला गेला आणि त्याबरोबर == हे चिन्हही आले. पूर्णांक, अपूर्णांक, खरे-खोटे अशा साध्या मूल्यांच्या बाबतीत व्हेरिएबलमध्ये ते मूल्यच साठवलेले असते, त्यामुळे तिथे == मूल्ये ताडते आणि कोणाची काही तक्रार नसते. ऑब्जेक्टची गोष्ट निराळी. ऑब्जेक्ट मेमरीत कुठेतरी असतो आणि व्हेरिएबलमध्ये असतो तो त्याच्याकडे नेणारा रेफरन्स. स्ट्रिंग हा ऑब्जेक्टच, म्हणून दोन स्ट्रिंगांमध्ये == लिहिले की फक्त रेफरन्स ताडले जातात. ग्रंथालयात एकाच पुस्तकाच्या दोन प्रती असतात. मजकूर अक्षरशः एक, पण प्रत्येक प्रतीचा दाखल क्रमांक वेगळा. == दाखल क्रमांक पाहते, इक्वल्स पाने उघडून मजकूर पाहते. अर्थात इक्वल्सलाही हे उपजत येत नाही. जावातल्या सगळ्या क्लासांचा मूळपुरुष म्हणजे ऑब्जेक्ट नावाचा क्लास, आणि त्याच्यातली इक्वल्स आतून == च करते. मजकूर ताडायचे काम स्ट्रिंग क्लासने ती मेथड नव्याने लिहून अंगावर घेतले आहे. ज्या क्लासने ती लिहिली नाही, तिथे इक्वल्स आणि == यांच्यात काडीचाही फरक नाही. स्ट्रिंगबिल्डर हा त्यातलाच एक: एकच मजकूर असलेले दोन स्ट्रिंगबिल्डर इक्वल्सच्या लेखी वेगळे ठरतात.

मग अ आणि ब यांचे उत्तर 'हो' कसे आले? कारण ग्रंथालयाने इथे वेगळा नियम लावला आहे: कोडमध्ये अवतरणचिन्हांत लिहिलेल्या प्रत्येक मजकुराची (अशा मजकुराला लिटरल म्हणतात) एकच प्रत ठेवायची आणि जो मागेल त्याला तीच द्यायची. यालाच इंटर्निंग म्हणतात. जावाची स्ट्रिंग एकदा तयार झाली की तिच्यातले अक्षर बदलता येत नाही, म्हणून हा नियम परवडतो. एकाने प्रत घेऊन तीत खाडाखोड केली आणि दुसऱ्याला ती दिसली, असे इथे होऊच शकत नाही. कोड कंपाइल होतो तेव्हा प्रत्येक क्लास फाइलमध्ये स्थिर मूल्यांचा एक तक्ता तयार होतो, त्याला कॉन्स्टंट पूल म्हणतात. प्रोग्राम चालू झाला की जावा व्हर्च्युअल मशीन त्या तक्त्यातल्या स्ट्रिंगा एका सामाईक कोष्टकात पाहते: मजकूर आधीच असेल तर त्याचाच रेफरन्स देते, नसेल तर नोंदवून घेते. हा अंमलबजावणीतला योगायोग नाही. गॉसलिंग, बिल जॉय आणि गाय स्टील यांनी लिहिलेल्या भाषेच्या अधिकृत विवरणातच तशी हमी आहे. एका क्लासमध्ये, एका पॅकेजमधल्या दोन क्लासांत किंवा संपूर्ण वेगळ्या पॅकेजांत, कुठेही लिहिलेला सारखा लिटरल एकाच ऑब्जेक्टकडे जातो. कंपाइल होतानाच ज्यांची किंमत ठरते अशी पदेही लिटरल म्हणूनच धरली जातात. चालू प्रोग्राममध्ये जोडून बनवलेली स्ट्रिंग मात्र नवी आणि म्हणून वेगळी, हेही तिथेच नोंदवले आहे.

या नियमाच्या सीमारेषेवर काय घडते ते पाहण्यासारखे आहे. "महा" + "राष्ट्र" असे लिहून त्याची "महाराष्ट्र" शी == ने तुलना केली, तर उत्तर 'हो', कारण जोडणी कंपायलरनेच उरकलेली असते. आता "राष्ट्र" एका व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि "महा" ला ते व्हेरिएबल जोडा. उत्तर 'नाही', कारण आता जोडणी प्रोग्राम चालताना होते आणि नवा ऑब्जेक्ट जन्माला येतो. त्याच व्हेरिएबलच्या घोषणेआधी फायनल हा एक शब्द लिहा, उत्तर पुन्हा 'हो'. व्हेरिएबलला पुन्हा किंमत देऊ नये एवढेच सांगणारा हा शब्द, आणि तो आला-गेला की पाच ओळी खाली असलेल्या तुलनेचा निकाल फिरतो. नीटनेटकेपणाची हौस असलेल्या एखाद्या सहकाऱ्याने फायनल काढले किंवा घातले, तर त्याला याची कल्पनाही येणार नाही आणि कंपायलर चकार शब्द काढणार नाही. समानतेचा निकाल मजकुरावरून लागायला हवा. इथे तो मजकुराचा जन्म कुठे झाला यावरून लागतो आहे.

ही चूक इतकी चिवट का आहे, याचे उत्तर यातच आहे. कोड तपासणारा माणूस चाचण्या लिहितो तेव्हा त्यातली सगळी नावे, गावे, कोड अवतरणचिन्हांतच लिहितो. लिटरलांशी लिटरल ताडले जातात, सगळे एकाच कोष्टकातले, त्यामुळे == निमूटपणे 'हो' म्हणत राहते आणि चाचण्या हिरव्या होतात. प्रत्यक्ष वापरात मजकूर फाइलमधून, डेटाबेसमधून, नेटवर्कवरून, फॉर्ममधून येतो. यातली प्रत्येक स्ट्रिंग प्रोग्राम चालताना बनलेली असते. ज्या परिस्थितीत कोड तपासला जातो त्या परिस्थितीत तो बरोबर, आणि ज्या परिस्थितीसाठी तो लिहिला आहे तिथे चूक! चूक लपवण्यासाठी याहून चांगली व्यवस्था ठरवूनही करता आली नसती. २००४ साली जावा ५ आली आणि साध्या पूर्णांकाचे आपोआप इंटिजर या ऑब्जेक्टमध्ये रूपांतर होऊ लागले, तेव्हा हाच सापळा आकड्यांसाठीही तयार झाला. उणे १२८ ते १२७ या टप्प्यातले इंटिजर ऑब्जेक्ट आधीच बनवून ठेवलेले असतात आणि पुन्हा पुन्हा तेच दिले जातात. त्यामुळे १२७ असलेले दोन इंटिजर == ने सारखे ठरतात आणि १२८ असलेले सहसा वेगळे. 'सहसा' म्हणायचे कारण असे की ही वरची मर्यादा जावा सुरू करताना एका पर्यायाने वाढवता येते. म्हणजे तोच कोड, तोच डेटा आणि वेगळे उत्तर, केवळ सुरू करणाऱ्याने आज्ञा वेगळी दिली म्हणून. दुकानातल्या मालाची नगसंख्या ताडणारा असा प्रोग्राम लहान दुकानात बिनबोभाट चालेल आणि धंदा वाढला की बिघडेल.

एवढे वाचून इंटर्निंग ही कल्पनाच सदोष वाटायला लागेल, पण तो तिच्यावर अन्याय ठरेल. ती जावाहून बरीच जुनी आहे. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ साली एमआयटीत लिस्प भाषेचे काम सुरू केले. त्या भाषेत चिन्ह नावाचा स्वतंत्र प्रकार होता. प्रोग्राम वाचताना एखादे नाव आले की लिस्प ते एका यादीत शोधी. सापडले तर तेच चिन्ह देई, नाहीतर नवे नोंदवी. त्यामुळे दोन चिन्हे एकच आहेत का हे पाहायला नुसते पत्ते ताडणे पुरे होई. त्यासाठी ईक्यू आणि रचनेनुसार तुलना करायला इक्वल, अशी दोन वेगळी फंक्शने लिस्पमध्ये आहेत, आणि कोणते कधी वापरायचे याबद्दल लिस्प लिहिणाऱ्याच्या मनात फारसा गोंधळ नसतो. तिथे चिन्हाचा प्रकार वेगळा आहे, मजकुराचा वेगळा. आणि प्रोग्राममधले नाव त्या यादीतूनच आत येते. इंटर्निंगच्या भरवशावर ओळखीला (म्हणजे 'तोच ऑब्जेक्ट आहे का' या प्रश्नाला) समानतेच्या जागी बसवायचे असेल, तर अट ही एकच: त्या प्रकारातली प्रत्येक वस्तू एकाच दारातून आत आलेली असली पाहिजे. जावाच्या स्ट्रिंगला ही अट लागू पडत नाही, कारण तिला दारे अनेक आहेत. न्यू हे एक दार, जोडणी हे दुसरे, फाइल वाचणे तिसरे, सबस्ट्रिंग चौथे. इंटर्नच्या दारातून आलेल्या आणि इतर दारांतून आलेल्या स्ट्रिंगा दिसायला एकसारख्या असतात आणि त्यांचा प्रकारही एकच असतो. हातातली स्ट्रिंग कोणत्या दाराने आली हे कंपायलर सांगू शकत नाही.

ही अट पाळली जाते तिथे == बिनधास्त वापरावे, आणि जाणकार तसे वापरतातही. जावा ५ मध्येच आलेला इनम हा प्रकार त्याचे स्वच्छ उदाहरण आहे. आठवड्याचे वार किंवा अर्जाच्या अवस्था इनम म्हणून लिहिल्या की प्रत्येकीचा एकच ऑब्जेक्ट असतो आणि न्यू वापरून दुसरा बनवायला भाषाच मनाई करते. जावाचा स्वतःचा कंपायलर आतल्या कामासाठी नावांचे वेगळे कोष्टक ठेवतो आणि त्यातली नावे == ने ताडतो. त्या नावांचा प्रकारही त्याने स्ट्रिंगहून वेगळा ठेवला आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. एक्सएमएल वाचण्याच्या सॅक्स या पद्धतीत तर स्ट्रिंग-इंटर्निंग नावाची सोयच आहे: ती चालू असेल तर टॅगांची नावे इंटर्न करून देण्याची हमी पार्सर देतो. या सगळ्यांत दार कोणाच्या ताब्यात आहे हे स्पष्ट आहे.

यावरचा नेहमीचा आक्षेप वेगाचा. दोन पत्ते ताडणे म्हणजे एकच सूचना, इक्वल्सला मात्र अक्षरामागून अक्षर पाहावे लागते; मग लाखो तुलना करायच्या असतील तर स्ट्रिंगा इंटर्न करून == का वापरू नये? आक्षेप वाजवी वाटतो, पण स्ट्रिंगची इक्वल्स आत काय करते ते पाहिले की त्याचा जोर ओसरतो. ती सर्वांत आधी == च करून पाहते. दोन्ही रेफरन्स एकच असतील तर काम तिथेच संपते. नसतील तर लांबी वेगळी आहे का ते पाहते, आणि लांबीही जुळली तरच अक्षरांकडे वळते. तिथेही आजची व्हर्च्युअल मशीन एकेक अक्षर न पाहता प्रोसेसरच्या खास सूचनांनी अनेक बाइट एकदम ताडते. म्हणजे इंटर्न केलेल्या स्ट्रिंगा सारख्या असतील, तर इक्वल्सलाही तो फायदा आयताच मिळतो. दुसरीकडे इंटर्न काही फुकट नाही. एखादी स्ट्रिंग इंटर्न करायची म्हणजे तिच्या मजकुरावरून हॅश काढायचा, कोष्टकात शोधायचे आणि सापडले तर मजकूर ताडायचा. एक तुलना वाचवण्यासाठी दुसरी तुलना आणि वर शोधाचा खर्च! ज्या स्ट्रिंगची तुलना असंख्य वेळा होणार आहे तिच्याच बाबतीत हा व्यवहार फायद्याचा ठरतो, आणि तशा जागा साध्या व्यावसायिक प्रोग्राममध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतात.

त्या कोष्टकाचा इतिहासही या आक्षेपाच्या बाजूने बोलत नाही. जावा ६ पर्यंत इंटर्न केलेल्या स्ट्रिंगा पर्मजेन नावाच्या मर्यादित आकाराच्या कप्प्यात राहत. बाकी मेमरी मोकळी असली तरी हा कप्पा भरला की प्रोग्राम कोसळे, आणि वापरणाऱ्यांच्या टाइप केलेल्या मजकुरावर सरसकट इंटर्न चालवणारे प्रोग्राम असेच कोसळत. २०११ मध्ये आलेल्या जावा ७ ने स्ट्रिंगा मुख्य हीपमध्ये हलवल्या, २०१४ च्या जावा ८ ने पर्मजेनच काढून टाकले. पण कोष्टकाच्या खान्यांची मूळ संख्या होती १००९. दहा लाख वेगवेगळ्या स्ट्रिंगा त्यात घातल्या तर प्रत्येक खान्यात सरासरी हजाराच्या आसपास स्ट्रिंगांची साखळी होते, आणि प्रत्येक इंटर्नला तीत चालत जावे लागते. जावा ७ च्या एका सुधारित आवृत्तीत हा आकडा ६००१३ झाला, पुढे त्याहून वाढला. जावाच्या अंतर्गत कामगिरीचे जाणकार अलेक्सेई शिपिल्योव्ह यांनी हे मोजून दाखवले आहे. इंटर्न ही व्हर्च्युअल मशीनच्या अंतर्गत कोष्टकाकडे जाणारी वाट आहे आणि त्या वाटेचे सगळे खर्च तिच्याबरोबर येतात, असे त्यांचे म्हणणे. सारख्या स्ट्रिंगा एकत्र करायच्याच असतील तर आपल्या प्रोग्राममध्ये आपला हॅशमॅप ठेवावा. तो किती मोठा होतो आणि कधी रिकामा करायचा हे निदान आपल्या हाती राहते.

वेगाचा मुद्दा सोडला तरी मेमरीचा उरतो, आणि तो खरोखर दखल घेण्याजोगा आहे. पुढे जावा ज्यांच्याकडे आली त्या ओरॅकल कंपनीच्या जावा चमूने एका सुधारणा-प्रस्तावात नोंदवले होते की मोठ्या प्रोग्रामांच्या हीपमधला जिवंत डेटा साधारण २५ टक्के स्ट्रिंगांनी व्यापलेला असतो आणि त्यातल्या जवळपास निम्म्या स्ट्रिंगा दुसऱ्या कोणत्यातरी स्ट्रिंगची हुबेहूब नक्कल असतात. एवढी उधळपट्टी दिसत असताना सगळेच इंटर्न का करू नये? त्या चमूने याचे जे उत्तर काढले ते मला फार बोलके वाटते. २०१४ च्या ऑगस्टमध्ये जावा ८ च्या एका सुधारित आवृत्तीत स्ट्रिंग डीडुप्लिकेशन ही सोय आली. कचरा गोळा करणारा जी-वन (G1) हा गार्बेज कलेक्टर आपले काम करता करता सारख्या मजकुराच्या स्ट्रिंगा हेरतो आणि त्यांच्या पोटातला अक्षरांचा अ‍ॅरे एकच करून टाकतो. स्ट्रिंगचे ऑब्जेक्ट मात्र जसेच्या तसे वेगळे राहतात. मेमरी वाचते, पण == चे उत्तर बदलत नाही. ऑब्जेक्टच एक केले असते तर आणखी थोडी जागा वाचली असती, पण मग चालू प्रोग्रामच्या पाठीमागे तुलनांचे निकाल बदलले असते. साठवणुकीची काटकसर करताना ओळखीला हात लावायचा नाही, हा फरक भाषेच्या कर्त्यांनी इथे काटेकोरपणे पाळला आहे.

याच कर्त्यांचा आणखी एक निर्णय साक्षीला काढता येतो. जावा ७ पासून स्विच या रचनेत स्ट्रिंग चालू लागली. केसमध्ये लिहिलेले सगळे मजकूर लिटरल किंवा कंपाइल होतानाच किंमत ठरणारी पदेच असावी लागतात, म्हणजे ते नक्की इंटर्न झालेले असतात. तरीही कंपायलर तिथे == वापरत नाही. आधी हॅशकोड पाहतो आणि मग इक्वल्सने खात्री करतो. नुसत्या हॅशवर भागत नाही, कारण दोन वेगळ्या मजकुरांचा हॅश एकच निघू शकतो. स्विचला मिळणारा मजकूर बाहेरून येतो आणि तो कुठून आला याचा भरवसा नाही, हे कंपायलर लिहिणाऱ्यांनी गृहीतच धरले आहे. विवरणात हमी लिहिणाऱ्या भाषेनेच जिथे त्या हमीवर विसंबायचे टाळले, तिथे विसंबण्याचे धाडस बाकीच्यांनी का करावे?

तरी एखादा काटेकोर वाचक म्हणेल की हमी ती हमी: दोन्ही बाजूंना लिटरलच आहेत हे मला ठाऊक असेल, तर माझा == कायद्याने बरोबर आहे. आज तो बरोबर आहेच. पण हमी त्या ओळीपुरती असते आणि ओळीमागचा मजकूर कुठून येतो हे बदलत राहते. आज कोडमध्ये लिहिलेले शहराचे नाव उद्या सेटिंगच्या फाइलमध्ये जाते, परवा डेटाबेसमध्ये. प्रत्येक बदल आपापल्या जागी योग्य असतो आणि तुलनेच्या ओळीला कोणी हातही लावलेला नसतो. शिवाय सामाईक ऑब्जेक्ट सामाईक असल्याचा तोटाही होतो. अनेक थ्रेड एकाच वेळी चालताना कुलूप म्हणून एखादा स्ट्रिंग लिटरल वापरला, तर दुसऱ्या कोणाच्यातरी लायब्ररीत तोच शब्द कुलूप म्हणून वापरलेला असू शकतो. एकमेकांशी काहीही संबंध नसलेले दोन भाग मग एकमेकांसाठी ताटकळत बसतात. जावाच्या सुरक्षित लेखनाचे नियम याला स्पष्ट मनाई करतात. इक्वल्स टाळण्याचे एक कारण मात्र समजण्यासारखे आहे: डावीकडचे व्हेरिएबल नल असेल तर ती मेथड प्रोग्रामच पाडते, == पाडत नाही. त्यावर जावा ७ पासून ऑब्जेक्ट्स या मदतनीस क्लासची इक्वल्स आहे. ती नल सांभाळून घेते.

सगळ्यांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे आणि तो प्रोग्रामरवर नसून भाषेवर आहे. माणसाच्या डोळ्याला == म्हणजे 'सारखे आहे का' असेच वाचता येते; मग सर्वांत सोपे चिन्ह सर्वांत कमी लागणाऱ्या प्रश्नाला का दिले? याला बचाव नाही. सी# ने स्ट्रिंगसाठी == चा अर्थ मजकुराची तुलना असाच ठेवला. तिथेही व्हेरिएबलचा घोषित प्रकार स्ट्रिंगऐवजी ऑब्जेक्ट असेल तर == पुन्हा रेफरन्सवर घसरते, म्हणजे सापळा पुरता बुजला नाही. जावाच्याच व्हर्च्युअल मशीनवर चालणाऱ्या कोटलिनने तो बुजवला: तिथे == म्हणजे इक्वल्स, आणि ओळख पाहायची असेल तर === असे तिहेरी चिन्ह. पायथनमध्येही == मजकूर पाहते आणि इज हा शब्द ओळख पाहतो; लिटरलशी इज लावल्यास २०१९ च्या ३.८ या आवृत्तीपासून पायथन इशारा देऊ लागला. जावाला आता हे करता येणार नाही. तीन दशकांत लिहिलेला कोड == च्या आजच्या अर्थावर उभा आहे आणि जुना कोड नव्या आवृत्तीत चाललाच पाहिजे हे जावाचे मोठे भांडवल आहे. ओळखीचा प्रश्न निरुपयोगीही नाही. ऑब्जेक्टांच्या जाळ्यातून फिरताना आपण फिरून त्याच ऑब्जेक्टपाशी आलो का हे कळायला ओळखच पाहावी लागते. जावात त्यासाठी आयडेंटिटीहॅशमॅप नावाचा वेगळा क्लास आहे.

मराठी मजकूर हाताळणाऱ्यांसाठी मात्र गोष्ट इक्वल्सवरही संपत नाही. सातारा जिल्ह्यातले कऱ्हाड घ्या. त्यातला र आणि ह यांचा जोड युनिकोडमध्ये तीन प्रकारे टाइप झालेला सापडतो: नुक्ता असलेला ऱ हे एकच अक्षर आणि हलन्त, साधा र, त्यावर वेगळा नुक्ता आणि मग हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे हे न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही वेळा कऱ्हाडच दिसते. जावाच्या मोजणीत मात्र पहिल्याची लांबी सहा आणि इतर दोघांची सात, आणि इक्वल्स तिन्हींना एकमेकांहून वेगळे ठरवते. तिचेही चुकत नाही, कारण ती संकेतांक ताडते, वाचणाऱ्याच्या नजरेतला शब्द नव्हे. जावा ६ पासून असलेला नॉर्मलायझर हा क्लास पहिले दोन प्रकार एक करून देतो. तिसरा तो एक करत नाही, कारण युनिकोडच्या नियमांत तो पहिल्या दोघांशी समतुल्य धरलेला नाही. त्यासाठी र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे या क्रमाच्या जागी ऱ आणि हलन्त घालण्याचे काम प्रोग्रामरलाच करावे लागते. अशा स्ट्रिंगा इंटर्न केल्या तर कोष्टकात तीन कऱ्हाडे नोंदवली जातील, एवढेच.

तेव्हा मराठी नावांच्या, गावांच्या, मतदारांच्या किंवा ग्राहकांच्या याद्या सांभाळणाऱ्यांनी हे एकरूपीकरण तुलनेच्या वेळेवर ढकलू नये. मजकूर फॉर्ममधून किंवा फाइलमधून आत येतो त्याच ठिकाणी ते करावे, तुलना इक्वल्सनेच करावी, आणि वारांसारखा ठरावीक संच असेल तिथे स्ट्रिंगऐवजी इनम वापरावा. जुन्या कोडमध्ये दोन स्ट्रिंगांमध्ये == दिसले तर चाचण्या हिरव्या आहेत म्हणून ते तसेच सोडू नका.